पोतं किती किलोचं?

(जिदहफ्स येथे सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या तोंडावर पाठदुखीवर बोलायला उभा राहिलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण आपल्यापैकी बरेच जण इथे स्टोअर सांभाळतात, साइटवर सुपरवायझर आहेत. कोणी काय उचलायचं हे तुम्ही सांगता, म्हणून तुमच्याशीच बोलायचं.

घरातलं उदाहरण घेऊ. दीड लिटरच्या बारा बाटल्यांची पाण्याची पेटी म्हणजे १८ किलो. कंबरेत वाकून, हात लांब करून उचलली तर ती मणक्यापासून अर्धा मीटर लांब असते. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर. तरफेचा हिशोब शाळेत केलाय आपण. दहापट, म्हणजे १८० किलोचा ताण! त्यात वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. तीच पेटी पोटाशी घेतली की ताण निम्म्याहून खाली येतो. उचलून वळायचं असेल तर कंबर पिळू नका, पावलं फिरवा.

काही जण म्हणतात, कामगारांना कमरपट्टे देऊ. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं, की धडधाकट माणसाची दुखापत पट्ट्याने टळते याला पुरावा नाही. पट्टा बांधला की माणूस उलट जरा जास्तच उचलतो, हे माझं निरीक्षण. याच संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही मर्यादा २३ किलोची आहे. आणि आपण सिमेंटचं ५० किलोचं पोतं एकट्याच्या खांद्यावर चढवतो.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १०० किलोचं पोतं ५० वर आणण्यासाठी झगडा केला. मागणी पोतं हलकं करण्याची होती, हमालाला नीट वाकायला शिकवा अशी नव्हती.

आता माझी चूक सांगतो. एका गोदामात टाइल्सच्या पेट्या उतरवणारा एक मुलगा माझ्या हाताखाली होता. परत पाठवतील या भीतीने तीन आठवडे त्याने दुखणं लपवलं. तो तिरका चालतोय हे मला दिसत होतं. मी म्हणालो, “गादी बदल.” शेवटी तो बोलला तेव्हा पायात मुंग्या येत होत्या. इथल्या सामाजिक विम्यात कामावरच्या दुखापतीसाठी परदेशी कामगारही येतो, हप्ता मालक भरतो. पण आमच्याकडे दुखापतीची नोंदच नव्हती. काय दाखवणार? तो गावी गेला.

त्यानंतर मी जड पेट्या जमिनीवरून कंबरेच्या उंचीच्या फळीवर आणल्या, एक हातगाडी मागवली. ती त्याच्या विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडली.

बरं, मागे पाण्याची एक पेटी ठेवलीय. दोघा-तिघांनी पुढे या, उचलून बघू. जेवण त्यानंतर.