प्रोग्राम रचणारा इंजिनियर म्हणावा काय?



नागपुरांत १९६० सालीं स्थापन झालेल्या इंजिनियरिंग कॉलेजास सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें नांव आहे. त्या एकाच आवारांत पूल व धरणें बांधण्याची विद्या शिकविली जाते आणि संगणकाचे प्रोग्राम रचण्याचीहि. दोहोंसहि आपण इंजिनियरिंग म्हणतों. पहिलीविषयीं कोणी शंका घेत नाहीं. दुसरीस तें नांव शोभतें काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा धंदा तें नांव मिरवूं लागला तो विशेषतः १९६८ पासून. त्या वर्षीं जर्मनींत गार्मिश येथें भरलेल्या परिषदेकरितां 'सॉफ्टवेअर इंजिनियरिंग' हे शब्द मुद्दाम डिवचण्याच्या हेतूनें निवडले होते. तेव्हां ती मिळालेली पदवी नव्हती. ती एक आकांक्षा होती.

पुण्याच्या कॉलेजांत शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचींच स्वयंचलित दारें १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर बसविण्यांत आलीं. पाणी ठराविक पातळीवर गेलें कीं तीं आपोआप उघडत आणि पूर ओसरला कीं मिटत. 'असें झालें तर असें करावें' ही आज्ञाच त्यांनीं लोखंडांत घातली होती. मग तशीच आज्ञा अक्षरांत लिहिणाऱ्यास निराळा न्याय कां?

फरक आहे तो द्रव्याचा. तुळईवरील भार थोडा वाढला तर ती थोडीच अधिक वांकते. म्हणून इंजिनियर ती गरजेहून जाड घेतो आणि निश्चिंत होतो. प्रोग्रामास अशी जाडी देतां येत नाहीं. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. आधींच्या एरियन-४ साठीं लिहिलेला भाग त्यांत तसाच ठेवला होता. नव्या बाणाचा वेग अधिक असल्यामुळें एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावली नाहीं. जोडीस राखीव संगणक होता, पण त्यांतहि तोच प्रोग्राम असल्यानें तोहि त्याच कारणानें बंद पडला. एका दोराहून दोन दोर बरे. परंतु एकच चूक दोनदां लिहून ठेवल्यानें संरक्षण मिळत नाहीं.

एवढ्यावरून या विद्येस इंजिनियरिंगच्या पंगतींतून उठवावें, असें कोणी म्हणेल, तर त्यानें पुलांचा इतिहास आठवावा. २८ डिसेंबर १८७९ रोजीं स्कॉटलंडांतील टे नदीवरील पूल वादळांत आगगाडीसह कोसळला. वाऱ्याच्या दाबाचा हिशेब आंखणींत धरला नव्हता, असें चौकशींत निघालें. रचनाकार सर टॉमस बाउच यांस तो दोष आपल्या नांवावर घ्यावा लागला, आणि पुढें वाऱ्याचा हिशेब करण्याचा नियमच झाला.

अपघाताचें कारण उघडपणें शोधून त्याचा नियम करणें आणि प्रत्येक कामाखालीं कोणाचें तरी जबाबदार नांव असणें, हें माझ्या मतें इंजिनियरिंगचें लक्षण होय. विमानांचे व अग्निबाणांचे प्रोग्राम या कसोटीस बऱ्याच अंशीं उतरतात. एरियनच्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षींच्या जुलैमध्यें जगापुढें आला. परंतु घरोघर वापरांत असलेल्या प्रोग्रामांचा जो करारनामा आपण न वाचतां मान्य करतों, त्यांत हानीची जबाबदारी बहुधा नाकारलेलीच असते. रुग्णालयांतील यंत्रें आणि बँकांतील ठेवी आज याच लिखाणावर विसंबून आहेत.

धरणाखालीं वस्ती असते, हें धरण बांधणारा कधीं विसरत नाहीं. ज्याच्या प्रोग्रामाखालीं अशीच वस्ती आहे, त्यानें इंजिनियर हें नांव अवश्य घ्यावें. मात्र त्याबरोबर येणारें उत्तरदायित्वहि घ्यावें.