गोवंडीची दुपार आणि एक काठी

गोवंडीहून मानखुर्दकडे निघालं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. देशभरातून खगोलशास्त्र ऑलिम्पियाडसाठी निवडलेली मुलं इथे तयार होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईत भरली. केंद्र ज्या पुरव मार्गावर आहे, त्याच मार्गावर उलट दिशेला चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. वांगणीला रात्रभर आकाश दाखवणारं खगोल मंडळही मुंबईतलंच. जाणकारांची वाण नाही.

खगोलशास्त्र लोकांपर्यंत नेण्यासाठी ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाची एक समिती २०१४ पासून काम करते आहे. अशी समिती वस्तीपातळीवर बसली, की इतिवृत्तात हमखास येतं : अमुक शाळा, तमुक कार्यक्रम, इतके हजार लाभार्थी. दुर्बिणीपुढच्या रांगेतली डोकी मोजणं सोपं असतं हो! शनीची कडी पाहून पोरगं हरखतं, हेही खरंच. पण दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःहून काय करता येतं, हा रकाना अहवालात नसतो.

गोवंडीत तर दिव्यांचा झगमगाट आणि देवनारच्या कचराभूमीचा धूर. आकाशगंगा इथे विसराच. चंद्र, शुक्र, गुरू भेटतात, आणि सूर्य तर रोजचा.

भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते, तो शून्य सावली दिवस सोसायटीच्या समितीने देशभर लोकप्रिय केला. मुंबईत तो येतो १५-१६ मेच्या सुमारास, दुपारी साधारण १२.३५ ला. तेव्हा शाळांना सुट्टी, मुलं गावी. दुसऱ्यांदा येतो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन पावसाळ्यात. त्या एका दिवसावर वर्षाचं उद्दिष्ट टांगणं मला तरी पटत नाही.

उद्दिष्ट असं लिहावं : आठवीतल्या मुलीने गोवंडीचा अक्षांश स्वतः काढावा. मीटरभर काठी ओळंब्यात उभी करायची आणि साडेबारा ते एकच्या दरम्यान सावली सर्वांत आखूड होते ती मोजायची. २२ डिसेंबरला ती सुमारे ९२ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला अवघी ३४. मार्चचं माप कागदावर दहापट लहान करून त्रिकोण काढा; काठीच्या वरच्या टोकाशी कोनमापक लावला की १९ अंश मिळतात. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून तोच आपला अक्षांश! एखाद-दुसऱ्या अंशाची चूक झाली, तर ती का झाली यावर तासभर वाद घालता येतो, आणि तो तास भाषणापेक्षा मोलाचा.

बऱ्याच शाळांत याच वेळी सकाळची मुलं सुटतात, दुपारची येतात. दोन्हींच्या हाती काठी देता येईल. नोंदीचा तक्ता मात्र मराठी, उर्दू, हिंदी तिन्हींत हवा, आणि वही शाळेच्या कपाटात. शिक्षकांची बदली झाली तरी नोंदी तिथेच राहतील. पहिल्या वर्षी दोन-तीन शाळा पुष्कळ झाल्या. काठी, दोरा आणि ओळंब्यासाठी निधीच्या मंजुरीची वाट कशाला पाहायची? येत्या डिसेंबरात सुरुवात होऊ शकते.