आधी बिघाड दाखवा

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून आलेले प्राध्यापक, आयटीआयचे शिल्प निदेशक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि खांद्यावर शिडी, खिशात क्रिम्पिंग टूल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, सोलापुरात आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी सांगावी असा रिवाज आहे. सिद्धेश्वराचं तळं, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, १९३१ साली फासावर गेलेले चार हुतात्मे, चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. मी आमच्या उन्हाबद्दल बोलतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. कार्यालयात वापरायच्या बऱ्याच स्विचांच्या माहितीपत्रकात ४० ते ४५ अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि ती खोलीतल्या हवेची असते. आमच्याकडे यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली, उंच भिंतीवर, काचेचं दार लावलेल्या पेटीत स्विच बसवतात. त्यात कापसाचे बारीक तंतू उडत असतात, ते पंख्याच्या जाळीवर थर धरतात. मग मालकाचा फोन येतो : दुपारी दोन-तीनच्या सुमाराला नेट जातं, संध्याकाळी आपोआप येतं. नवा मुलगा जातो, लॅपटॉप जोडतो, सगळी कॉन्फिगरेशन तपासतो. तिच्यात काही दोष नसतो. हवा असतो एक ब्रश, आणि पेटी चार फूट खाली आणणारा सुतार.

हा बिघाड कुठल्या अभ्यासक्रमात आहे? माझी तक्रार तीच आहे, आणि यजमान म्हणून ती आजच मांडून घेतो. आपण मुलांना स्विच आणि राऊटर चालू कसा करायचा ते शिकवतो, तो बंद पडल्यावर काय करायचं ते शिकवत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलगा ‘एनेबल’, ‘कॉन्फ टी’पासून सुरू करून दोन व्हीलॅन बनवतो, राऊटरला पत्ते देतो, पिंग लागला की गुण मिळतात. बाहेर पडल्यावर मात्र त्याला कोरा राऊटर क्वचितच मिळतो. त्याला मिळतं ते दुसऱ्यानं बांधलेलं, तिसऱ्यानं बदललेलं आणि पासवर्ड घेऊन चौथा निघून गेलेलं नेटवर्क.

माझे वडील गिरणीत जॉबर होते. माग कसा चालवायचा हे विणकराला कळे, पण तो अडला की हाक जॉबरला. ते आधी मागाजवळ नुसते उभे राहत, आवाज ऐकत, मग पान्याला हात घालत. नेटवर्कमध्ये आवाजाची जागा दिव्यांनी आणि काउंटरांनी घेतली आहे, एवढाच फरक. उभं राहून बघण्याची ती सवय मात्र आमच्या मुलांना कोणी लावत नाही.

पॅकेट ट्रेसरवर मी राग धरून नाही. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ साली सुरू झाली, आणि तिच्यामुळे हे सिम्युलेटर आज मुलांना फुकट मिळतं. बार्शीचा किंवा मंगळवेढ्याचा मुलगा एका जुन्या लॅपटॉपवर वीस राऊटरांचं जाळं उभारतो, ही लहान गोष्ट नाही. पण सिम्युलेटरमधल्या केबलची खिट्टी तुटत नाही, उंदीर तिला कुरतडत नाहीत. साधं उदाहरण घ्या. दिवा लागलाय, पिंग लागतोय, पण सर्व्हरवरून फाइल यायला युगं लागतात. ‘शो इंटरफेसेस’ म्हटलं की वेग दिसतो १०० एमबीपीएस, पाहिजे होता १०००. ज्याला केबलच्या पोटात काय आहे ते माहीत आहे तो लगेच ओळखतो : १०० साठी दोन जोड्या पुरतात, १००० साठी चारही लागतात, तेव्हा आठांपैकी एखादी तार क्रिम्पिंगमध्ये नीट बसलेली नाही. ज्याला माहीत नाही तो स्विच बदलायला सांगतो आणि गिऱ्हाईकाचे पैसे घालवतो. दुसरा नमुना : एका टोकाला कोणीतरी हातानं फुल डुप्लेक्स लावून ठेवलेलं, दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरून उत्तर मिळत नाही, तो हाफवर जातो. पिंगची लहान पाकिटं सुखरूप जातात, मोठी फाइल मात्र आपटत-धडपडत येते. काउंटरमध्ये ‘लेट कोलिजन’चा आकडा चढताना दिसतो, पण तो आकडा बघायला शिकवलेलं असेल तर.

आता लूप. हा तर आमच्या धंद्याचा पोशिंदा! शहरातल्या एका पतसंस्थेत सकाळी झाडलोट करताना टेबलाखाली एक केबल लोंबकळताना दिसली, आणि कुणीतरी चांगल्या मनानं तिचं मोकळं टोक ती ज्यातून निघाली होती त्याच आठ पोर्टांच्या स्विचमध्ये खोचून टाकलं. दहा मिनिटांत सगळ्या खिडक्यांवरचं काम ठप्प. आयपीच्या पाकिटाला आयुष्य मोजून दिलेलं असतं, प्रत्येक राऊटरपाशी ते एकेकानं घटतं आणि शेवटी पाकीट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला तशी सोय नाही. एक ब्रॉडकास्ट आत शिरला की तो गोल गोल फिरतो, फिरता फिरता वाढतो आणि सगळा रस्ता खाऊन टाकतो. यावरचा तोडगा राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काढला : स्विचांनी आपापसात बोलून एक झाड ठरवायचं आणि जास्तीच्या वाटा बंद ठेवायच्या. स्पॅनिंग ट्री ते हेच. स्वस्तातल्या छोट्या स्विचांत ते नसतं, म्हणून आमची पतसंस्था आडवी झाली. पण ज्यांच्याकडे असतं तेही सुटत नाहीत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या नामांकित रुग्णालयाचं नेटवर्क जवळपास चार दिवस कोलमडलेलं होतं. स्विचला स्विच जोडत जाळं इतकं लांबलं होतं की भार वाढताच त्या झाडाचाच हिशेब मोडला. डॉक्टरांना पुन्हा कागदावर लिहावं लागलं. स्पॅनिंग ट्रीची व्याख्या चार गुणांसाठी पाठ करून घेणाऱ्यांनी ही हकिकत वर्गात जरूर सांगावी.

आणखी एक रोजचा बिघाड. राऊटरवर केलेला बदल मेमरीत राहतो, ‘राइट’ केल्याशिवाय तो कायमचा होत नाही. कोणीतरी महिन्यापूर्वी बदल केला, काम चाललं, तो घरी गेला. मग एके दिवशी वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली होती, आणि वीज आली तेव्हा राऊटर जुन्याच काळात जागा झाला. याच गुणाचा उलटा उपयोग शहाणे लोक करतात. दूरवरच्या राऊटरवर धोक्याचा बदल करण्याआधी ते ‘रिलोड इन १०’ देऊन ठेवतात. बदल फसून संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राऊटर आपणहून जुन्या कॉन्फिगरेशनवर परततो. सगळं ठीक झालं तर ‘रिलोड कॅन्सल’. अक्कलकोटच्या शाखेपर्यंतची एक फेरी वाचते.

मोठ्यांचीही फेरी चुकत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या नेहमीच्या कामातल्या एका कमांडनं फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. असली कमांड अडवायला ठेवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच दोष निघाला. व्हॉट्सॲपसकट सगळं सुमारे सहा तास बंद. लांबून आत शिरण्याची वाटही बंद पडल्यामुळे माणसं प्रत्यक्ष तिथं धाडावी लागली. इतकी श्रीमंत कंपनी, पण शेवटी यंत्रासमोर कोणीतरी जाऊन उभं राहावं लागलं. आपल्या मुलांनी यात धीर घ्यावा.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत महाराष्ट्रातून पुण्यासोबत सोलापूरचं नाव आलं. खांबावर कॅमेरा आला की पायथ्याशी पेटी येते, पेटीत स्विच येतो, आणि त्याच्याकडे बघायला माणूस लागतो. तो माणूस इथलाच असावा असं मला वाटतं. आमच्या गावात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं आहेत. कमांड इंग्रजीतच राहणार, त्याला हरकत नाही. पण ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये एकाच ओळीत शेजारी-शेजारी ‘अप’ आणि ‘डाऊन’ दिसतात तेव्हा तार पोचली पण पलीकडचं बोलणं जुळलं नाही, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलंय का? नेटवर्कचे सात थर घडाघडा म्हणणारी मुलं मी नोकरीला घेतली आहेत. बिघाड दिसला की ती सातव्या थरापासून सुरू करतात. पहिल्या थरावर प्लग निघालेला असतो.

इथं जमलेल्या प्राध्यापकांना आणि निदेशकांना माझी विनंती आहे. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण बिघाड शोधण्याला द्या. चालतं नेटवर्क तुम्ही मुद्दाम मोडा आणि मुलांपुढे ठेवा. त्यांनी काय पाहिलं, काय वाटलं, काय बदललं, हे क्रमानं वहीत लिहायला लावा. एका वेळी एकच बदल. पाच बदल एकदम करून नेटवर्क सुरू करणाऱ्याला गुण देऊ नका, कारण कशानं सुरू झालं ते त्यालाही माहीत नसतं.

नुसतं सांगून थांबायला नको म्हणून स्वागत समितीनं मागच्या दालनात एक बिघाड-कक्ष मांडला आहे. भंगारात निघालेले स्विच आणि राऊटर व्यापारी मित्रांकडून गोळा केले, काही रॅक उभे केले, आणि प्रत्येकात काहीतरी मोडून ठेवलं आहे. कुठे काय मोडलं ते फक्त आमच्या दोन स्वयंसेवकांना ठाऊक आहे, त्यांना चहा पाजून उपयोग होणार नाही. एका रॅकमध्ये काहीच मोडलेलं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

उद्घाटनानंतर पहिली तुकडी आत जाईल. कन्सोल केबल विसरली असेल तर नोंदणीच्या टेबलावर मिळेल, नाव लिहून घ्या आणि कृपा करून परत करा. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, चटणी बेतानं घ्या. आता मी अध्यक्षमहोदयांना उद्घाटनाची विनंती करतो. फीत कापायची नाही. समोरच्या राऊटरचं बटण त्यांनी दाबायचं आहे, आणि तो सुरू झाला नाही तर का झाला नाही, ते सभागृहानं सांगायचं आहे.