फवारणीआधी एक फोटो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर केलेलं भाषण)



जिन्यात, पार्किंगमध्ये मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पोराला फुलपाखरांचे, किड्यांचे जवळून फोटो काढायचेत. परवडेल अशी मॅक्रो लेन्स कोणती?" आज तेवढंच सांगतो. माझं उत्तर असं की, नवी लेन्स घेण्याआधी घरात आहे त्या लेन्सकडून काम करून घ्या.

आधी 'मॅक्रो' म्हणजे काय ते बघू. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडली की ती एकास एक, म्हणजे खरी मॅक्रो. आपल्याकडच्या बहुतेक डीएसएलआरचा सेन्सर 22 ते 24 मिलिमीटर रुंद असतो आणि 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं जवळजवळ 22 मिलिमीटरचं. नाण्याने चौकट रुंदीत या काठापासून त्या काठापर्यंत भरली, की एकास एक झालं. डब्यावर काहीही छापलेलं असो, ही परीक्षा घरी करता येते.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 लेन्स साधारण एक-तृतीयांशापर्यंत जाते. आपल्या कढीपत्त्यावर येणारं लिंबाचं फुलपाखरू पंख पसरून आठ-दहा सेंटीमीटर भरतं. त्याला मॅक्रो लेन्स लागतच नाही! लागते ती मुंगीला, माव्याला, अंड्यांना.

आता स्वस्तातले मार्ग. पहिला, लेन्सच्या तोंडावर लावायचं भिंग. त्याला लेन्सचा चश्मा समजा. अगदी स्वस्त एकेरी भिंगाने कडा धूसर होतात आणि रंगांच्या झालरी दिसतात. दोन-तीन काचा जोडलेलं घ्यावं. रेनॉक्स डीसीआर-250 हे असं आठ नंबरचं भिंग आहे. ते 52 ते 67 मिलिमीटर तोंडाच्या कोणत्याही लेन्सवर चिमट्याने बसतं. घरात 55-250 किंवा 70-300 पडून असेल तर फोकस अनंतावर ठेवा, झूम 125 वर आणा. एकास एक मिळतं. मात्र किड्यापासून साधारण 12 सेंटीमीटरवर जावं लागतं.

दुसरा मार्ग, एक्स्टेन्शन ट्यूब. ही नुसती पोकळ कडी. आत काच नाही, म्हणून काचेमुळे बिघडण्यासारखंही काही नाही. हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी. 50 मिलिमीटरच्या लेन्समागे 25 मिलिमीटरची ट्यूब लावली की अर्ध्या पटीची भर पडते. पण आत विद्युत संपर्काच्या पिना आहेत ना, ते बघूनच घ्या. बिनपिनांची ट्यूब फार स्वस्त मिळते, पण आजच्या बऱ्याच लेन्सचं छिद्र मग कॅमेऱ्यावरून लहान-मोठं करता येत नाही.

तिसरा, लेन्स उलटी बसवायची कडी. सगळ्यात स्वस्त, पण छिद्राची कडी असलेली जुनी लेन्स हवी आणि अंगात चिकाटी हवी.

हे सगळं वर्षभर वापरूनही हौस टिकली, तर मग 90 किंवा 100 मिलिमीटरची जुनी मॅक्रो लेन्स शोधा. 50-60 ची स्वस्त पडते, पण तिने किड्याच्या फार जवळ जावं लागतं आणि तो उडतो. ऑटोफोकस नसला तरी चालेल. इतक्या जवळून आपणच मागेपुढे झुलत फोकस साधतो. जुनी लेन्स घेताना मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

लेन्सपेक्षा उजेड महत्त्वाचा, हे विसरू नका. एकास एकला एफ-8 वर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो आणि उजेड एक-चतुर्थांशच उरतो. म्हणून फ्लॅश लावा आणि त्यावर ट्रेसिंग पेपरचा पडदा करा. श्रावण-भाद्रपदात सकाळी दव असताना किडे सुस्त असतात. तीच वेळ साधा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की ग्रुपवर निरोप येतो, "फवारणी कधी?" तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पण त्याला खाणाऱ्या एका ढालकिड्याची, म्हणजे क्रिप्टोलेमसची, अळीही तशीच पांढरी आणि मेणकट दिसते. नुसत्या डोळ्यांना चोर आणि शिपाई सारखेच! जवळून बघितलं की फरक कळतो: ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही, अळी मात्र भराभर चालते. न बघता मारलेल्या औषधाने शिपाईच आधी मरतो.

आपल्यापैकी कितीतरी घरांची गावाकडे शेती आहे, तिथे तर प्रश्न पैशांचा आहे. मक्यावरची लष्करी अळी देशात 2018 साली पहिल्यांदा कर्नाटकात नोंदली गेली. तिची ओळख म्हणजे डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके. कपाशीत डोमकळी दिसली की आत गुलाबी बोंडअळी शोधायची. असा स्पष्ट फोटो अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवला, तर सल्ला नेमका मिळतो. धूसर फोटोवर तेही अंदाजच बांधणार. आणि अंदाजाने मारलेल्या फवारणीचा खर्च मालाच्या भावातून कापला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून एक सूचना. ट्यूब प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याला वेगळी लागते, पण चिमट्याचं भिंग बहुतेकांच्या लेन्सवर बसतं. असं एक भिंग सोसायटीने घेऊन कार्यालयात ठेवावं. ज्याला हवं त्याने वहीत सही करून न्यावं. आणि बागेत फवारणीआधी एका मुलाने फोटो काढून समितीला दाखवावा, असा नियम करावा. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला कोण कोण येतंय, ते आत्ताच हात वर करून सांगा!