अंकुराची वाढ कोणी मोजावी?

(मोरगाव येथे वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'नवी यंत्रे आणि लोकांची करमणूक' हा विषय आपण मला दिलात, तेव्हा आपली अपेक्षा काय असावी हे मी ओळखून आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील पडद्यावर रोज सकाळी जगभरची नवले येऊन पडतात. संध्याकाळपर्यंत ती शिळी होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नाहीत. त्यांतली चार चमकदार नवले वक्त्याने निवडून आणावीत आणि तासभर श्रोत्यांचे मनोरंजन करावे, ही आपली इच्छा रास्त आहे. नवले मीही आणली आहेत; परंतु ती दूरदेशीची नाहीत. काही कोल्हापूरची आहेत, काही नाशिककडच्या एका माणसाची, आणि सर्वांत महत्त्वाची दोन आपल्याच बारामती तालुक्यातील आहेत.

पहिले नवल १९१२ सालचे. धुंडिराज गोविंद फाळके हे लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. या यंत्रातून काय होऊ शकते हे धनिकास पटवावे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले, समोर कॅमेरा रोवला, आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते बी पाहतापाहता अंकुरले आणि त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती चित्रफीत पाहून भांडवल देणारा पुढे आला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हरिश्चंद्राची कथा सर्वांस ठाऊक आहे, वाटाण्याची थोड्यांस. मला मात्र वाटाणाच अधिक मोलाचा वाटतो. पुराणकथा पूर्वीही सांगितल्या जात होत्या. पिकाची वाढ डोळ्यांना दिसेल अशी गोळा करून दाखविणे, हे मात्र आपल्याकडे नवे होते. आणि हे यंत्र फाळक्यांच्या घरचे होते. फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई स्वयंपाकघरातल्या कामाइतक्याच सराईतपणे करीत.

दुसरे नवल कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतबंधूंनी विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून तो स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला, आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट निघाले. पडदे रंगविणारे हे कारागीर. इंजिनियरिंगचे कॉलेज त्यांनी पाहिले नव्हते. याच बाबूरावांनी १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या फासात जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी रंगविला. देवादिकांनी भरलेल्या पडद्यावर कुळवाडी माणूस आपल्या दुःखासकट उभा राहिला, तो या चित्रपटात. गावातल्या कारागिराच्या हाती यंत्र आले, तेव्हा त्यातून गावाचे दुःख दिसले, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

आता 'सावकारी पाश'चे मूळ कथानक कोठे घडले असे विचाराल, तर मी बोट दाखवीन ते सुप्याकडे. १२ मे १८७५. सुप्याचा बाजार. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढविला होता, आणि सारा भरण्यासाठी घेतलेल्या कर्जावर व्याज चढत होते. त्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर गेला. पण त्याने मागितले काय? धान्य काही ठिकाणी गेले, हे खरे. परंतु जमावाची मुख्य मागणी कर्जरोखे आणि वह्या यांचीच होती. त्या हाती येताच जाळण्यात आल्या. वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरला, आणि माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे घडले. ज्यास आपले नावही लिहिता येत नव्हते, त्याला एवढे पक्के उमगले होते की आपल्या जमिनीविषयी कोठेतरी काहीतरी लिहून ठेवले जाते आणि ते आपणास वाचता येत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोखे नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याचे बंधन घातले, ते यामुळेच. इतिहासकार या प्रकरणास 'दंगा' म्हणतात. मला तो वहीविषयीचा खटला वाटतो. फिर्यादीस वाचता येत नव्हते म्हणून त्याने तो काडीने चालविला, इतकेच.

जत्रेतल्या तंबूविषयी थोडे बोलतो. महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून ट्रकवर प्रोजेक्टर लादून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज आपल्यापैकी पांढरे केस असलेल्यांना सांगावयास नकोत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी कित्येक वर्षे या तंबूंमागे हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान येथे दाखविला गेला व गौरविला गेला. त्यात एक वृद्ध कारागीर आहे. आयुष्यभर इतरांचे प्रोजेक्टर दुरुस्त करताकरता त्याने स्वतःच्या अकलेने एक प्रोजेक्टर घडविला. पण तोवर फिल्मचा जमानाच सरला होता. जुना प्रोजेक्टर बिघडला की पान्हा, तेल आणि शिव्या यांवर तो पुन्हा चाले. आताच्या यंत्रात चित्रपट कुलूपबंद येतो. किल्ली बाहेरून आली नाही, तर पडद्यासमोर बसलेले हजार लोक आणि यंत्रामागे उभा असलेला माणूस सारखेच हतबल. मी जुन्याचा भाट नव्हे. फिल्मची रिळे पेट घेत आणि कार्बनचा धूर ऑपरेटरच्या छातीत जाई. परंतु पान्हा कोणाच्या हातून गेला, याची नोंद कोणी ठेवली नाही.

(मोरगावात आहोत म्हणून एक अवांतर. १९७९ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'अष्टविनायक' आला. जगदीश खेबुडकरांच्या एका गाण्यात आठही स्थाने ओवली गेली आणि यात्रेचा क्रम घराघरांतील रेडिओवर पाठ झाला. देवस्थानाचा महिमा शतकांचा. पण त्याचा नकाशा अनेकांच्या डोक्यात उमटला तो गाण्याने. करमणुकीस हलके लेखणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी याचा विचार करावा.)

आता चौथे नवल, जे आज सर्वांच्या तोंडी आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीत ओलावा मोजणारी उपकरणे, बांधावर हवामानाचे केंद्र, वर उपग्रहाची छायाचित्रे. या सर्वांचा हिशेब संगणक करतो आणि पाणी केव्हा, खत किती, रोग कोठे, हे शेतकऱ्यास फोनवर मराठीत कळते. २०२५ च्या प्रारंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याची वाखाणणी केली, इलॉन मस्क यांनी त्यावर शेरा मारला, आणि एका दिवसात बारामतीचा ऊस जगभर पोहोचला. त्याच वर्षी राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर करून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

या प्रयोगाची टवाळी मी करणार नाही. उसाला पाटाने बेसुमार पाणी सोडण्याची आपली खोड जुनी आहे. जमीन खारवते आणि शेजारच्याच्या वाट्याचे पाणी जाते, ते वेगळेच. एखादे उपकरण 'आज पाणी नको' असे सांगत असेल, आणि लोक ऐकत असतील, तर ते सुधारकांच्या शंभर व्याख्यानांहून बरे. या व्याख्यानाहून तर खासच. हा प्रयोग म्हणजे फाळक्यांचा वाटाणाच होय. फरक इतकाच, की कुंडी आपल्या शेतात आहे आणि कॅमेरा आकाशात.

परंतु चित्रफीत कोणाकडे जमा होते? माझ्या शेतातला ओलावा, पिकाची उंची, पक्वतेचा अंदाज ही सर्व एक नवी वही आहे. साखर कारखान्यास ती आधी वाचता आली तर तोडणीचा क्रम तीवरून ठरेल. बँकेस वाचता आली तर कर्जाची मर्यादा, आणि विमा कंपनीस वाचता आली तर भरपाई. हे आज घडते आहे असा माझा आरोप नाही. हे घडू नये अशी तजवीज कोठे लिहिली आहे, एवढेच मी विचारतो. २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा व्यक्तीच्या खासगी माहितीपुरता आहे. शेताच्या माहितीचे धनीपण त्यात स्वतंत्रपणे सांगितलेले नाही. सुप्याच्या कुळास निदान सावकाराचे घर माहीत होते. ही वही कोठल्या खंडात ठेवली आहे, हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही. आणि ती जाळता तर मुळीच येत नाही.

दुसरी गोष्ट मोरगावची आहे. नीरेचा डावा कालवा ज्यांच्या शेतावरून जातो त्यांचा तालुका वेगळा, आणि कऱ्हेकाठचा, सुपे-मोरगावचा हा जिरायती पट्टा वेगळा. कऱ्हेला पाणी असते तेव्हा बातमी होते. जनाई-शिरसाईचे पाणी केव्हा सुटेल, याची वाट पाहण्यात येथील वर्षे गेली आहेत. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ते किती द्यावे हे सांगणारे यंत्र प्रथम निघाले. ज्याच्याकडे नाही त्याच्या बाजरीला आणि ज्वारीला काय, हा प्रश्न यंत्राने विचारलेला नाही. यंत्राने तो विचारावा कसा? त्याला ऊस शिकविला गेला. ज्वारी शिकविण्यास पैसे घालील असा धनिक फाळक्यांच्या वेळीही भेटला नसता.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपल्यापैकी ज्यांची जमीन कालव्याखाली आहे ते सहकारी कारखान्यांचे सभासद, म्हणजे मालक आहेत. शेताच्या नोंदींची मराठी प्रत शेतकऱ्यास मिळावी. त्याच्या लेखी संमतीवाचून ती बँकेकडे वा विमा कंपनीकडे जाऊ नये. उपकरण उघडून दुरुस्त करू शकतील अशी मुले-मुली गावोगाव तयार व्हावीत. पेंटरांचा कॅमेरा ज्या मातीत झाला तेथे हे अशक्य म्हणू नये. आणि सरकारी पैशातून पहिला हिस्सा जिरायती पिकांना मिळावा. वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येईल अशा ठरावाचा कच्चा मसुदा मी लिहून आणला आहे. तो येथे टेबलावर ठेवतो. सभा संपल्यावर जरूर वाचा आणि जे खोडावयाचे ते शाईने खोडा.