औषधाची बाटली आणि तिच्यावरची चिठ्ठी

पोटदुखी ही मनुष्याची फार जुनी सोबतीण आहे. वाडा असो वा झोपडी, अपचन, करपट ढेकर, मुरडा आणि बद्धकोष्ठ यांनीं कोणालाच वगळलेलें नाहीं. साहजिकच औषधांच्या दुकानांतील फळ्यांवर पोटाच्या औषधांची नेहमींच दाटी असे. त्यांतलीं पुष्कळ औषधें आज नाहींशीं झालीं. मागें राहिल्या त्या त्यांच्या कांचेच्या बाटल्या. इंग्लंड-अमेरिकेंत जुने उकिरडे उकरून त्या गोळा करणारे हौशी लोक आहेत, आणि आपल्याकडेही जुन्या बाजारांत एखादी निळी किंवा पिंगट बाटली अधूनमधून हातीं येते. अशी बाटली काय सांगते आणि काय लपविते, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम तिचें वय पाहावें. बाटली उलटी केली असतां बुडाशीं खडबडीत व्रण दिसला, तर तोंड घडवितांना तेथें लोखंडी सळई चिकटविलेली होती असें समजावें. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागें पडत गेली. साच्यांत फुंकलेल्या बाटलीच्या दोन्ही अंगांस सांध्याची रेघ असते. परंतु ती बहुधा मानेपाशीं थांबते, कारण ओठ मागाहून हातानें घडविलेला असे. तीच रेघ ओठाच्या माथ्यापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची म्हणावी. अमेरिकेंतील टोलेडो येथील मायकेल ओवेन्स यांनीं बाटल्या आपोआप घडविणारें यंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध केलें, आणि त्यानंतर हातानें बाटली घडविणारे कारागीर हळूहळू कमी होत गेले.

मग रंग आणि आकार. ब्रिटनमध्यें १८६८ च्या कायद्यानें विषारी द्रव्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. त्या काळांत अशा द्रव्यांसाठीं गडद निळ्या किंवा हिरव्या, षट्कोनी व अंगावर उभे कंगोरे असलेल्या बाटल्या प्रचारांत आल्या. हेतु हा, कीं रात्रीं अंधारांत औषध शोधणाऱ्या हाताला नुसत्या स्पर्शानेंच धोका कळावा. परंतु प्रत्येक निळी बाटली विषाची नव्हे. अमेरिकेंत चार्ल्स हेन्री फिलिप्स यांनीं १८७३ सालीं 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' हें औषध पुढें आणलें, तें पुढें निळ्या बाटल्यांतूनच घरोघर गेलें. त्यांतील मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, म्हणून तें दुधासारखें पांढरें दिसतें. जठरांतील आम्लाचा जोर तें मोडतें, व आंतड्यांत पाणी ओढून घेऊन कोठा साफ करितें. नांवाप्रमाणें गुण देणारें हें औषध आजही दुकानांत मिळतें.

आतां याच्या अगदीं उलट उदाहरण. साध्या फिकट कांचेची, मुठींत मावेल एवढी एक बाटली अमेरिकेंत लाखो घरांत होती. तिच्यावर कांचेंतच उठविलेलीं अक्षरें होतीं: 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप', आणि खालीं 'कर्टिस आणि पर्किन्स, मालक'. १८४९ पासून तें विकलें जाई. दांत येतांना रडणारें, पोटांत वारा धरलेलें, हगवण लागलेलें मूल त्यानें शांत होत असे. होणारच! त्यांत अफूपासून काढलेलें मॉर्फीन होतें. मॉर्फीननें आंतड्यांची हालचाल मंदावते, वेदना थांबतात आणि झोप येते. आईला वाटे, गुण आला. पण मात्रा थोडी अधिक झाली कीं तान्ह्या मुलाचा श्वासही मंदावे, आणि कित्येक मुलें त्या झोपेंतून उठलींच नाहींत. बाटलीवर मालकांचीं नांवें होतीं. आंत काय आहे हें मात्र कोठेंच नव्हतें.

१९०६ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा केला, कीं औषधांत अफू, मॉर्फीन किंवा मद्यार्क असल्यास तें चिठ्ठीवर छापलेंच पाहिजे. १९११ सालीं तेथील डॉक्टरांच्या संघटनेनें आपल्या ग्रंथांत हें सिरप बालघातक औषधांच्या यादींत घातलें. कंगोऱ्यांची बाटली जें काम करूं शकली नाहीं, तें चार ओळींच्या चिठ्ठीनें केलें.

हा दोष एकट्या परक्या देशाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया मुलांना अफूची 'बाळगोळी' चारीत. मूल निजून राहिल्यावांचून त्यांना पाळीवर जातां येत नसे; तेव्हां त्यांना नुसता बोल लावणें न्यायाचें होणार नाहीं.

ग्राइप वॉटरची कथा अधिक सौम्य आहे. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनीं १८५१ च्या सुमारास तें तयार केलें. शेपूच्या बियांचें तेल, खाण्याचा सोडा, साखर, आणि त्यांबरोबर थोडा मद्यार्क असें तें मिश्रण होतें. शेपूच्या बिया म्हणजे आपल्या बाळंतशोपाच. त्यांचा वातावरील उपयोग आपल्या आज्यांना ठाऊक होता. मद्यार्क मात्र ब्रिटनमध्यें पुढें काढून टाकण्यांत आला, कारण तान्ह्या मुलाला त्याची गरज नव्हती.

आपल्याकडे औषधांविषयींचा कायदा १९४० सालीं झाला. तत्पूर्वीं आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें, दवाखान्यांतला कंपौंडर मिश्रणाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देई. तीवरून मात्रा कळे, औषध कळत नसे. आज चिठ्ठीवर घटक, मात्रा व मुदत हीं तिन्ही छापलेलीं असतात; तीं वाचण्याचा आळस मात्र अजून गेलेला नाहीं.

म्हणून जुनी बाटली शोभेसाठीं अवश्य ठेवावी. पण आंत कांहीं उरलें असल्यास तें हुंगूं नये, चाखूं नये. औषधाच्या रिकाम्या बाटलींत फिनेल किंवा रॉकेल कधींही भरूं नये. आणि तान्हें मूल पोट दुखून रडूं लागलें, तर चटकन् निजविणाऱ्या औषधाकडे नव्हे, डॉक्टरांकडे धांव घ्यावी. मूल गप्प झालें म्हणजे बरें झालें असें नव्हे, हें त्या साध्या कांचेच्या बाटलीनें फार मोठी किंमत घेऊन शिकविलें आहे.