बेडी तोडणारी माणसं

(वर्धापनदिनी विहारात झालेले व्याख्यान)



महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याचे काम केले होते म्हणून. हे आपण भाषणात सांगतो. पण ही माणसं कोण होती, हे आपल्या घराघरात फारसं बोललं जात नाही.

१८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. आई एका मालकाला, तर लेकरू दुसऱ्याला विकलं जाई. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता.

फ्रेडरिक डग्लस हा तिथला गुलाम पोरगा. बाल्टिमोरला मालकीणबाईने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर नवऱ्याने तिला थांबवले. शिकला तर हा गुलाम राहायचा नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने तेच ध्यानात धरले! रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो पावाचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात अक्षरे शिकायचा. १८३८ मध्ये तो पळाला. पुढे याच डग्लस यांनी १८४५ साली आत्मचरित्र लिहिले आणि १८४७ साली स्वतःचे वृत्तपत्र काढले.

बोस्टनचे गोरे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ मध्ये 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार काळेच होते. १८३५ साली जमावाने गॅरिसन यांना दोरी बांधून रस्त्यातून ओढले. १८३७ साली ऑल्टन गावी छापखाना वाचवताना संपादक इलायजा लव्हजॉय मारले गेले. तरी 'लिबरेटर' १८६५ पर्यंत चाललेच.

आणि हॅरिएट टबमन! ही माउली १८४९ मध्ये स्वतः सुटली. गप्प बसली असती तरी कुणी बोल लावला नसता. पण ती सुमारे १३ वेळा परत गेली आणि सुमारे ७० माणसं सोडवून आणली.

लिंकन यांनी गुलाम मुक्त केले, असे आपण शाळेत शिकलो. त्यांचा १८६३ चा जाहीरनामा मोठाच. पण तो बंडखोर राज्यांपुरता होता. त्या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले, तेव्हा कुठे १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती झाली. मुक्ती कुणी ताटात वाढून दिली नाही, बंधूंनो.

कायदा झाला, पण बहुतेकांना जमीन मिळाली नाही. पुष्कळांना पूर्वीच्या मालकांच्याच शेतात वाट्याने राबावे लागले. दुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीच्या कामाला मुभा होती. मग किरकोळ आरोपावर माणसं धरून पुन्हा राबवली. १८७० साली काळ्या पुरुषांना मिळालेला मताचा हक्कही दक्षिणेत हिरावला गेला. तो खऱ्या अर्थाने मिळवायला १९६५ साल उजाडले.

तरीही सुटलेल्या माणसांनी आधी शाळा गाठली. म्हातारी माणसं नातवंडांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवू लागली.

हे नाते पुढेही टिकले. १९४६ साली बाबासाहेबांनी काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या.

मायबहिणींनो, आपल्या गल्लीत कुणाचं पोर शाळा सोडून घरी बसलं असेल, तर पावाचा तुकडा देऊन अक्षर घेणारा तो पोरगा आठवा, आणि त्या घरचं दार वाजवा.

जयभीम!